शापका कुरणाखाली फरच्या खड्ड्यात पडलेल्या गाडीबाबत

तिखाया पोलीस ठाणे, ब्रिटिश कोलंबिया
दिनांक १७ जानेवारी २०२५, शुक्रवार. दुपारी १२ वाजून १० मिनिटे.

नाव : ल्यूबा रिल्कॉफ. वय : ६२ वर्षे. धंदा : निवृत्त, शाळेच्या बसची चालक, २७ वर्षे. राहणार : घर क्र. १४, जुना रेल्वे रस्ता, तिखाया.

मी वर लिहिलेली बाई, मला कोणी बोलावले नसताना आपल्या पायांनी ठाण्यात आले असून, कॉन्स्टेबल हॅलोरन यांच्या समोर बसून सांगते ते असे :

कॉन्स्टेबलनी मला शपथ घेण्यास सांगितले. आम्ही दुखोबोर, म्हणजे रशियातून इथे आलेल्या एका जुन्या पंथाचे लोक, शपथ घेत नाही. माणसाचे रोजचे बोलणेच खरे असावे, वेगळी शपथ कशाला, असे आमच्यात मानतात. या जबाबात पुढे माझ्या खोटेपणाचे तीन प्रसंग येणार आहेत. तेव्हा हेच वाक्य वाचून दाखवून मला लाजवू नये, अशी विनंती केली. कॉन्स्टेबलनी मान हलवली.

या खोलीचे दार उघडे ठेवावे, असेही मी सांगितले. बाहेर बाकावर एका टोकाला माझा नवरा फ्रेड रिल्कॉफ, वय ६७, बसला आहे. दुसऱ्या टोकाला वॉल्टर पेरेपेल्किन, वय ६८, बसला आहे. फ्रेड हा तक्रारदार आहे आणि वॉल्टरवर चोरीचा संशय आहे. मला हे सगळे दोनदा सांगण्याची ताकद नाही, म्हणून दोघांनी ऐकलेले बरे. कॉन्स्टेबल म्हणाले, "तसा नियम नाही, मॅडम." मी म्हणाले, "मग खोलीत कोंदटतं म्हणून उघडं ठेवलं असं लिहा." त्यावर त्यांनी दार उघडे ठेवले.

चोरीला गेली म्हणून नोंदवलेली गाडी फ्रेडच्या मालकीची मोटरसायकल आहे. कॉन्स्टेबल सपाट मुलखातून, मॅनिटोबातून आलेले आहेत, म्हणून सांगते. ही डोंगरात चालवायची मोटरसायकल असते. हिवाळ्यात तिची दोन्ही चाके काढतात. पुढे एक रुंद स्की लावतात आणि मागे दातेरी रबरी पट्टा बसवतात. मग ती छातीएवढ्या ताज्या बर्फातूनही जाते, फक्त थांबता येत नाही. थांबली की बुडाली. बुडाली की फावडे काढायचे आणि खणत बसायचे. फ्रेड आणि वॉल्टर यांनी हा उद्योग मिळून कैक वर्षे केला. दर हिवाळ्यात मी चुलीवर दोरी बांधून ओले हातमोजे वाळवले आणि या दोन म्हाताऱ्यांना देवाने अक्कल कधी द्यायची ठरवली आहे, असे विचारत राहिले.

दि. २१ फेब्रुवारी २०१९ पासून हे दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. त्याचे कारण सांगणे भाग आहे.

बर्फात जाणारा प्रत्येक जण छातीवर बीकन नावाचे लहान यंत्र बांधतो. माणूस कोसळलेल्या बर्फाखाली गाडला गेला तर त्याच्या यंत्राचा आवाज दुसऱ्याच्या यंत्रात येतो आणि कुठे खणायचे ते कळते. निघण्याआधी गाड्या लावतात त्या जागी एक जण उभा राहतो, दुसरा त्याच्या समोरून चालत जातो. अशी तपासणी करायची रीत आहे. नवखे असोत की मुरलेले, रीत सगळ्यांना सारखी. त्या दिवशी वॉल्टर म्हणाला, "इतकी वर्षं झाली, तुझं काय तपासायचं?" आणि दोघे तसेच वर गेले. दुपारी शापका डोंगराचा उतार सुटला. बर्फाचा लोंढा दोघांच्या मधून खाली गेला. कोणाला खरचटलेही नाही. घरी येऊन फ्रेडने यंत्र उघडले तर आत बॅटऱ्याच नव्हत्या. फ्रेड काटकसरी माणूस आहे. रोज संध्याकाळी तो बॅटऱ्या काढून ठेवतो, सकाळी घालतो.

तो तसाच ओल्या बुटांनी वॉल्टरकडे गेला आणि म्हणाला, "मी गाडलो गेलो असतो तर तू उन्हाळ्यापर्यंत खणत बसला असतास. तू तपासलं नाहीस." वॉल्टर म्हणाला, "बॅटऱ्या काढणारा तू." दोघेही खरे बोलत होते, त्यामुळे भांडण मिटायला जागाच राहिली नाही. जो अपघात झालाच नाही त्याच्यावरून सहा हिवाळे गेले.

या सहा हिवाळ्यांत फ्रेड एकदाही वर गेला नाही. एकट्याने जायचे नाही, हीसुद्धा रीत आहे. दर शरद ऋतूत तो गाडीला पट्टा चढवतो, तेल बदलतो, आणि वसंतात पट्टा उतरवतो. ताजा बर्फ पडला की सकाळी कॉफी घेऊन खिडकीशी उभा राहतो आणि "आज वर कंबरेएवढा असेल" एवढेच म्हणतो. मग पेला विसळून ठेवतो. मला ते बघवत नाही. एकदा मी म्हणाले, "जा की मग." तो म्हणाला, "कोणाबरोबर? तुझ्याबरोबर?" आणि हसला. ते हसणे मी लक्षात ठेवले.

गेल्या नोव्हेंबरात त्याने गाडी विकायला काढली. व्हर्नन गावचा एक माणूस उद्या, शनिवार दि. १८ रोजी सकाळी अकरा वाजता ती न्यायला येणार आहे. गाडी गेली की फ्रेडचा डोंगर संपला, आणि वॉल्टरचे नावही आमच्या घरात पुन्हा निघायचे नाही, हे मला स्पष्ट दिसत होते.

दि. १० डिसेंबर, मंगळवार. फ्रेड मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी आठ ते दुपारी चार आमच्या लोकांच्या पिठाच्या गिरणीत बिनपगारी काम करतो. तो गेल्यावर मी शेडमधून ती गाडी काढली. गाडी सुरू कशी करतात ते मला इतकी वर्षे बघून माहीत होते. जुन्या रुळांच्या वाटेने, परसाच्या मागून, मी ती वॉल्टरच्या दारात नेली. अंतर दीड किलोमीटर. मी तीनदा पडले. वॉल्टर लाकडे फोडत होता. मी म्हणाले, "मला ही चालवायला शिकव."

त्याने कुऱ्हाड खाली ठेवली. "फ्रेडनं पाठवलं?"

मी म्हणाले, "हो."

"म्हणजे, तो स्वतः म्हणाला? माझ्याकडे जा म्हणून?"

"हो म्हटलं ना! आता काय दारातच गारठवणार आहेस?"

हा माझा पहिला खोटेपणा. वॉल्टरने माझ्याकडे पाठ केली आणि फळीवर हातमोजे शोधू लागला. त्या फळीवर रंगाच्या डब्यांशिवाय काही नव्हते. तो बराच वेळ शोधत राहिला. फ्रेडने दिलजमाईचा हात पुढे केला, असे त्याला वाटले. मी ते वाटू दिले, आणि पुढचे पाच आठवडे वाटू दिले. या गोष्टीची मला सर्वांत जास्त लाज वाटते.

त्यानंतर डिसेंबरात आणखी तीन वेळा आणि जानेवारीत तीन वेळा मी गेले. दर वेळी चारच्या आत गाडी पुसून, वाळवून जागेवर लावली. वॉल्टर शिकवायला चांगला आहे, पण तोंडाचा फाटका आहे. "हँडल वळवू नकोस, ल्यूबा, ही तुझी बस नाही. अंग कलव!" असे तो ओरडायचा. मी म्हणायचे, "सत्तावीस वर्षं या रस्त्यांवर बस चालवली, एका पोराला खरचटलं नाही. मला शिकवू नकोस." तो म्हणायचा, "मग शिकायला कशाला आलीस? सूप प्यायला?" सूपही प्यायचो. तो कोबी फार शिजवतो.

पहिल्या दिवशी मी नऊ वेळा बुडाले. ताज्या बर्फात पडले तर लागत नाही, पण उठता येत नाही. हात टेकावा तिथे तळच नसतो, पिठाच्या पिंपात हात घातल्यासारखे होते. वॉल्टर दर वेळी फावडे घेऊन यायचा. फ्रेड कसा आहे, गुडघा कसा आहे, अजून गिरणीत त्या जुन्या जात्याशी भांडतो का, असे खणता खणता विचारायचा. मी सगळे सांगायचे. परत जाताना तो म्हणायचा, "त्याला सांग, तू बरी शिकते आहेस." मी "सांगते" म्हणायचे.

दि. १६ जानेवारी, म्हणजे काल. रात्रभर बर्फ पडला होता आणि सकाळी आभाळ निरभ्र होते. नऊ वाजता वॉल्टर म्हणाला, "आज शापका." तपासणीच्या जागी तो माझ्यापुढे उभा राहिला आणि मला त्याच्या समोरून तीनदा चालायला लावले. एकदा पुरते.

वर जायला दीड तास लागला. जंगल संपते तिथे शापकाचे कुरण सुरू होते. त्यावर ससासुद्धा गेलेला नव्हता. वॉल्टर बाजूला थांबला आणि म्हणाला, "जा तू." मी गेले. बर्फ हँडलवरून माझ्या तोंडावर येत होता, श्वास घ्यायला मान वळवावी लागत होती. गाडीचा आवाजही बर्फात बुडाला होता. खाली काही आहे असे वाटतच नव्हते. कॉन्स्टेबलनी येथे विचारले की याचा तपासाशी काय संबंध. संबंध असा की मी कुरणाच्या मध्यावर रडत होते. सगळी वर्षे मी त्या माणसाचे हातमोजे वाळवले आणि तो कुठून येतो ते मला माहीत नव्हते. तो रोज संध्याकाळी दोन-चार शब्दांत सांगायचा आणि मी म्हणायचे, बूट बाहेर काढ. हे लिहावे.

या ठिकाणी बाहेरून खाकरण्याचा आवाज आला.

परत येताना दुपारी दीडच्या सुमारास कुरणाखालच्या फरच्या झाडांत मी चूक केली. थांबायचेच तर उताराकडे तोंड करून थांबायचे असते, मी चढाकडे तोंड करून थांबले, मागे वळून कुरण बघण्यासाठी. गाडी बुडाली, मागे सरकली आणि एका मोठ्या फरच्या बुंध्याशी जो पोकळ खड्डा होतो त्यात उलटी गेली. मला काही लागले नाही. आम्ही दोन तास खणले, गाडी निघाली नाही. उजेड कमी होऊ लागला. वॉल्टर म्हणाला, "गाडी कुठे पळत नाही. उद्या दोघं-तिघं येऊ. फ्रेडला घेऊन ये. आता तरी येईल ना तो?" मी म्हणाले, "बघते." त्याच्या गाडीवर मागे बसून मी खाली आले आणि रस्त्याने चालत पावणेपाचला घरी पोचले.

फ्रेड घरी आला होता. त्याला शेड रिकामी दिसली. मागाच्या खुणा धरून तो वॉल्टरच्या कुंपणापर्यंत गेला आणि तिथूनच परत आला. कुंपण ओलांडले असते तर वर गेलेले दोन माग दिसले असते, पण ते कुंपण त्याने सहा वर्षांत ओलांडलेले नाही. मी स्वयंपाकघरात शिरले तेव्हा तो तुमच्या ठाण्याला फोन करत होता. "पेरेपेल्किन! लिहून घ्या, पे-रे-पेल्-किन! मला विचारा, मी ओळखतो त्या माणसाला!" मी अंगातला कोट काढला, चमचा घेतला आणि चुलीवरचे बोर्श सूप ढवळत राहिले. बोलले नाही. हा दुसरा खोटेपणा.

का बोलले नाही, असे कॉन्स्टेबल विचारतात. सहा वर्षे ज्याचे नाव घेतले नाही त्याचे नाव फ्रेड काल संध्याकाळभर घेत होता. चोर म्हणाला, गाढव म्हणाला. मग म्हणाला, "पण मधल्या ओढ्याच्या काठानं असल्या बर्फात चढून जाणारा या खोऱ्यात दुसरा कोणी नाही, हेही खरं." टेबलावर हात आपटून म्हणाला. तीन वाडगे बोर्श प्यायला. त्याच्या गालांवर रंग आला होता. मला तो इतका आवडत होता की मी सकाळी सांगू, सकाळी सांगू असे म्हणत झोपले.

आज सकाळी साडेनऊला पोलीस वॉल्टरकडे गेले. त्याच्या शेडमध्ये फ्रेडचे हातमोजे मिळाले, मी घालून जायचे आणि काल तिथेच विसरले ते. आत नाव शिवलेले आहे, ते मीच शिवले आहे. वॉल्टरला तेव्हा कळले की फ्रेडने कोणाला पाठवले नव्हते, आणि पाच आठवडे मी त्याला फसवत होते. त्याने माझे नाव सांगितले असते तर तिथेच सुटला असता. कॉन्स्टेबलनी मला त्याचा जबाब वाचून दाखवला, तो एवढाच आहे : "गाडी शापकाखाली फरच्या खड्ड्यात आहे. कोणी नेली ते मी सांगणार नाही."

आमच्या शेजारणीचा पावणेअकराला फोन आला की वॉल्टरला पोलीस घेऊन गेले. मी ते फ्रेडला सांगितले. तो बटाटे सोलत होता. म्हणाला, "नेलं म्हणजे? गाडीत घालून?" मी म्हणाले, "मग काय खांद्यावर घेऊन? तूच तक्रार दिलीस." त्याने बटाटा अर्धा सोललेला तसाच ठेवला आणि म्हणाला, "टोपी घेतली का त्यानं? बाहेर उणे चौदा आहे." आणि सुरी ठेवून कोट घालायला उठला. आम्ही एकत्र आलो. वाटेत मी त्याला काही सांगितले नाही. मला जे सांगायचे आहे ते दोघांनी एकदमच ऐकायला हवे होते.

तरी वॉल्टर पेरेपेल्किन याने कोणतीही चोरी केलेली नाही. गाडी मी नेली. मालकाची परवानगी मी घेतलेली नव्हती. जो काही दोष लावायचा तो मला लावावा.

आता तिसरा. याचा या गुन्ह्याशी संबंध नाही असे कॉन्स्टेबल म्हणतात. मी म्हणते, याचाच आहे.

दि. २० फेब्रुवारी २०१९ रोजी, तो उतार सुटला त्याच्या आदल्या संध्याकाळी, फ्रेडने बॅटऱ्या काढून जेवणाच्या टेबलावर ठेवल्या होत्या. हातमोज्यांच्या शेजारी, म्हणजे सकाळी हातमोजे उचलताना त्या दिसाव्यात. त्याची ती नेहमीची पद्धत होती आणि ती कधी चुकली नव्हती. मला वाडगे मांडायला जागा हवी होती. मी त्या बॅटऱ्या उचलल्या आणि सुतळी-मेणबत्त्यांच्या खणात टाकल्या. सकाळी टेबलावर फक्त हातमोजे होते. त्याला वाटले, बॅटऱ्या घालून झाल्या. दुसऱ्या दिवशी घरी यंत्र उघडून तो ओरडला तेव्हा मला पहिल्या मिनिटाला कळले. मी सांगणार होते. पण तो म्हणाला, "मी मेलो असतो," आणि मग माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. दोन मित्रांनी एकमेकांना दोष दिला आणि मी बाजूला उभी राहून सहा वर्षे तो त्यांना वाटून घेऊ दिला. वॉल्टर, तुझी चूक नव्हती. फ्रेड, तुझीही नव्हती. टेबल मी आवरले होते.

येथे जबाब काही वेळ थांबला. कॉन्स्टेबलनी मला पाणी दिले.

त्यानंतर फ्रेड दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात होती. तो बॅटऱ्यांबद्दल विचारेल असे मला वाटले. त्याने विचारले, "गाडी खड्ड्यात गेली तेव्हा तू गाडीवर होतीस?"

मी म्हणाले, "हो."

"मग?"

"मग उडी मारली."

"कोणत्या बाजूला?"

"डोंगराच्या बाजूला."

फ्रेडने डोळे मिटले आणि उघडले. मग बाकाकडे वळून, वॉल्टरला त्याच्या जुन्या घरगुती नावाने हाक मारून म्हणाला, "वास्या, हे तू शिकवलंस हिला?"

वॉल्टर बसूनच म्हणाला, "सात वेळा सांगितलं. ती ऐकते तरी. तुला मी वीस वर्षं सांगत होतो."

"मी खालच्या बाजूला एकदाच उडी मारली!"

"एकदाच? ओढ्यापाशी काय केलं होतंस? मी काढलं तुला बाहेर, माझं फावडं मोडलं."

"ते फावडं आधीच मोडकं होतं."

"मोडकं होतं? माझ्या बापाचं फावडं होतं ते!"

यापुढील बोलणे दहा मिनिटे चालले. ते सर्व लिहून घेण्याची गरज नाही, असे कॉन्स्टेबलनी ठरवले. मी म्हणाले, लिहा, मी सहा वर्षे याची वाट बघते आहे. त्यांनी लिहिले नाही, पण थांबवलेही नाही.

तक्रार पुढे चालवायची आहे का, असे कॉन्स्टेबलनी फ्रेडला विचारले. त्याने "नाही" असे सांगितले. तसे लेखी देण्यासाठी उद्या सकाळी दहाला ठाण्यात येता येईल का, असे विचारले असता तो म्हणाला, "उद्या जमायचं नाही. उद्या आम्हाला तिघांना वर जायचंय. फरच्या खड्ड्यातून गाडी काढायला तीन माणसं लागतात."

उद्या अकराला व्हर्ननचा खरेदीदार येणार आहे, याची मी त्याला आठवण करून दिली.

फ्रेड म्हणाला, "कोण खरेदीदार?"

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. दारात उभ्या असलेल्या दोघांनी, त्यांना कोणी विचारले नसताना, मध्ये दोन ठिकाणी दुरुस्त्या सुचवल्या. त्या मी घेऊ दिल्या नाहीत. जे मी सांगितले तेच लिहिले आहे, आणि ते खरे आहे.

ल्यूबा रिल्कॉफ (सही)
दुपारी १ वाजून ५५ मिनिटे